आवाजाचा दाखला

५ सप्टेंबर १९९९, रविवार

ही डायरी कारखान्याची. आमचे आप्पा, म्हणजे माझे घरधनी, तितं वॉचमन व्हते. रिटायर झाले तरी दर सालाला एक डायरी मिळती. जानेवारीपासनं कोरीच पडली व्हती. आप्पा म्हणले, "लिव की तू. साक्षरतेच्या वर्गाला जाऊन आठ वर्सं झाली, सही सोडून काय लिवलंयस?" म्हणून लिवती. चुकलं तर वाचणारी मीच हाय.

मी रंगुबाई, राहणार लासुर्णे. हे लिवायची गरज न्हाय, पण वर्गात पहिलं हेच गिरवून घेतलं व्हतं, हात आपसूक तिकडंच जातो.

आज लई खुशीत हाय. परवा मोनाली मला बारामतीला काँप्युटर दाखवाया नेणार. मोनाली माझी नात, लेकीची लेक. तितं क्लासमधी शिकवती. एकोणीस वर्साची पोरगी आणि मिशावाले बापय तिला मॅडम म्हणत्यात. एका सोसायटीच्या सेक्रेटरीला तिनं चुकलं म्हणून परत पहिल्यापासनं टाईप कराया लावलं. मी हे गावात चार जणींना सांगितलं. पाचवीला सांगाया गेले तर तिला आधीच ठावं.

तिची आई, म्हणजे माझी विजयमाला, पंच्याऐंशी साली काविळीनं गेली. मोनाली तवा पाच वर्साची. बापानं पुढं दुसरं लगीन केलं, इंदापूरला ऱ्हातो. माणूस वाईट न्हाय. पोर आमीच वाढवली.

विजयमालाची एक कॅसेट हाय. जयंतीला म्हणायची चार गाणी, तिनं सोताच जोडलेली, घरात बसून भरलेली. एक असं हाय:

अक्षराच्या वाटं माझं पडलं गं पाऊल
मागं न्हाय बघायाची, सरली गं चाहूल

तिसऱ्या गाण्यात मोनालीनं टेपच्या बटनाला हात घातला व्हता. तवा गाणं सोडून विजयमाला म्हणती, "मोना, बटन सोड. बोट आडकंल." आणि परत गाया लागती. मोनाली म्हणती, आईचं मला एवढंच ठावं हाय, दुसरं काय बी आठवत न्हाय. पोर तेवढ्यासाठी कॅसेट लावती. लावून लावून ती झिजली. टेप आता रिबीन खातो. म्हणून ती गाणी काँप्युटरात घालायची.

७ सप्टेंबर, मंगळवार

काँप्युटर बघितला. टीव्हीच हाय, खाली डबा. चालू केला की आधी म्हातारीगत कुरकुरतो, मग उजाडल्यासारखा निळा व्हतो. शेजारची द्वारकाबाई म्हणली व्हती, त्याच्यापुढं चपला काढाव्या लागत्यात. मला वाटलं फेकती. पण खरं निघालं.

क्लासचे मालक युवराज सर. मला खुर्ची दिली, चहा दिला. चहात वेलदोडा व्हता. त्यांनी समजावून सांगितलं ते असं, की काँप्युटरात गाणं ठेवायचा एक उघडा प्रकार हाय. तो कुणाच्याबी काँप्युटरवर वाजतो. आणि एक प्रकार काँप्युटरच्या कंपनीचा सोताचा. दोन्ही करून बघा म्हणले.

मोनालीनं आधी उघड्या प्रकारात भरलं. आवाज आला तो पत्र्याच्या डब्यातनं बोलल्यागत, घोगरा. मोनाली म्हणली, "सर, ही माझी आई न्हाय."

सर म्हणले, "गाण्याचा दोष न्हाय मॅडम. ह्या नव्या काँप्युटरमधी कंपनीनं उघडा प्रकार घोगराच निघंल असं ठेवलंय. मंजी लोक आपणहून त्यांच्याकडं जात्यात."

मग कंपनीच्या प्रकारात भरलं. काय सांगू. विजयमाला पुढ्यात बसून गाती हाय असं वाटलं. श्वास घेतलेला ऐकू येतो. आपल्या टेपवर कधी आला नव्हता. मोनाली म्हणली, हेच ठेवायचं. सर म्हणले, "बघा बरं का, हा प्रकार बाहेर वाजवाया नखरं करतो." मोनाली म्हणली, "वाजंल हो सर." तिचं लक्षच नव्हतं. डोळं त्या पडद्यावर.

घरी येऊन आप्पांना सांगितलं. ते म्हणले, "आडाला कुलूप घालायचं न्हाय. म्हणायचं, पाणी सगळ्यांचं. फकस्त तुमचा दोर तोकडा ठेवायचा. ही रीत आमच्या बापाला म्हायती व्हती." आप्पांना कशातबी जुनंच दिसतं.

११ सप्टेंबर, शनिवार

मोनालीनं दोन सीड्या आणल्या. ताटलीगत चकचकीत, मधी भोक. दोन्हीत तीच गाणी. म्हणली, "आज्जी, आता कॅसेटची काळजी मिटली."

काळजी मिटली म्हणल्यावर मी एक झकास काम केलं. बाजरी दाण्यात आलीय आणि पाखरांनी उच्छाद मांडलाय. सगळी लोकं रानात जुन्या कॅसेटची रिबीन ताणत्यात. वाऱ्यानं ती घुंई घुंई करती, उन्हात चमकती, पाखरू बसत न्हाय. भागूबाईच्या रानात लावलीय, तिचं एक कणीस खाल्लं न्हाय. मीबी कॅसेट फोडली आणि बांधापासनं बाभळीपर्यंत चार फेऱ्या ताणली. लई लांब निघाली. एवढ्याशा डबीत एवढं मावतं कसं?

वारं आलं की वाजती. आप्पांना म्हणलं, "लेक राखण करती बघा." आप्पा पाठ फिरवून चालू लागले. त्यांना आधी इचारलं न्हाय म्हणून राग आला असंल.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

विहारात वंदना झाली. येताना एक आनंदाची गोष्ट घेऊन आलो. मोनालीचं जमलं! पोरगा सांगवीचा, समाधान नाव, शाळेवर क्लार्क. शांत हाय. बघाया आला तवा मोनालीनंच त्याला जास्त प्रश्न इचारले. आप्पा म्हणले, मुलाखतीला आल्यागत घाम फुटला त्याला. लगीन २६ डिसेंबरला, दारातच मांडव.

मोनालीची एकच मागणी. मांडवात मंगलगाथा झाली की लोकं जेवाया बसंपर्यंत आईची गाणी लावायची. समाधाननं काँप्युटर भाड्यानं आणायचं कबूल केलं. मी म्हणलं, विजयमाला कन्यादानाला न्हाय, पण मांडवात हाय. आमच्यात कन्यादान नसतं, तरी मी असं म्हणलं. तोंडातनं गेलं.

बाजरी चांगली निघाली.

४ नोव्हेंबर, गुरुवार

सीडी वाजत न्हाय.

मोनालीनं समाधानच्या दोस्ताच्या काँप्युटरवर लावून बघितली. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली. मोनाली म्हणली, लिवलंय की परवानगी न्हाय. दुसरी सीडी लावली. तीच पाटी.

मी म्हणलं, "कुणाची परवानगी?"

"कंपनीची. ज्या काँप्युटरवर बनवलं तेवढ्यालाच परवानगी हाय."

"मग त्याच्यावर लाव की."

"तो पुसला आज्जी."

दोन हजार साल लागलं की काँप्युटर बंद पडणार अशी आवई हाय. म्हणून युवराज सरांनी दिवाळीच्या सुट्टीआधी सगळे पुसून नव्यानं भरले. त्यांनी इचारलं व्हतं, कुणाचं काय ठेवायचं हाय का. मोनाली म्हणली व्हती, न्हाय, माझ्याकडं सीडी हाय.

मग ती उठली आणि म्हणली, "कॅसेट कुठं हाय आज्जी? परत भरू. घोगरी तर घोगरी."

मला आधी समजलंच न्हाय की ती काय मागती. मग समजलं.

मी सांगितलं. ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. रागावली न्हाय. रागावली असती तर बरं झालं असतं.

६ नोव्हेंबर, शनिवार

काल दिसभर तिघं रानात व्हतो. बाजरी काढताना रिबीन कुणी तोडली, कुणी कडब्यात बांधली. जी बाभळीला ऱ्हायली ती उन्हानं पांढरी पडलीय. कडब्याच्या पाचुंद्यातनं, बांधावरनं, शेळीच्या तोंडातनं गोळा केली. आप्पा वाकून वाकून एकेक वीत उचलत व्हते. त्यांना वाकायला डाक्टरनं मना केलंय. मी म्हणलं, बसा. ते म्हणले, "तू बस. तुझ्या हाताला काय लागलं की तू बांधाया जाशील."

एवढंच म्हणले. पण लागलं मला.

मोनालीनं रिबिनीचा गुंडा रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं चिटकवून, गुंडाळून, रातभर खपून वाजवला. नुसता वारा वाजतो.

मोनाली हापशावर बसून रडली. सासरी जायचं म्हटलं की पोरी अशाच रडत्यात. मीबी रडले व्हते.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

मी विचार केला. परवानगी न्हाय, तर परवानगी मागायची. त्यात काय? रेशनकार्डाला मागतो, विहिरीला मागतो. मागितल्याबिगर कोण देतं? मोनाली म्हणली, "आज्जी, ते तसं नसतं." मी म्हणलं, तू गप. कंपनीला काय ठावं गाणी कुणाची? त्यांना वाटलं असंल, चोरून आणली. आपण वारस हाय हे कागदावर दाखवलं की झालं.

तलाठ्याकडं गेले. भाऊसाहेबांना म्हणलं, वारसाची नोंद पाहिजे.

"कशाची? जमिनीची?"

"आवाजाची."

भाऊसाहेब हसले. "आजीबाय, आवाजाला गट नंबर काय टाकू? चतुःसीमा काय लिवू?"

मी म्हणलं, "पूर्वेला मी, पश्चिमेला तिची लेक. लिवा." बसलेली लोकं हसली. पण त्यांनी हात जोडले. म्हणले, माझ्या वहीत आवाज बसत न्हाय, पोलीस पाटलाकडं जा.

पोलीस पाटील मानसिंगराव. त्यांनी विजयमालाला लहानपणापासनं बघितलेली. सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा लावला आणि लेटरपॅडवर लिवलं. मी उतरून घेतलंय:

"दाखला देण्यात येतो की, मौजे लासुर्णे येथील मयत विजयमाला हिचा आवाज हा तिचा स्वतःचा होता. तो मी अनेक जयंत्यांना समक्ष ऐकला आहे. सदर आवाजाबाबत गावात कोणाचाही वाद नाही. करिता दाखला दिला असे."

शिक्का मारला. वाचताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. म्हणले, धूळ लई हाय.

मोनालीनं इंग्रजीत पत्र लिवलं. मी सांगत गेले, ती लिवत गेली. खाली मी मराठीत सही केली. दाखला जोडला. रजिस्टर पोस्टानं दिल्लीच्या हापिसाला पाठवलं. सीडी पाठवायची न्हाय, असं मोनाली म्हणली.

आता कसं हलकं वाटतंय. द्वारकाबाईला सांगितलं, परवानगी येणार हाय.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

पोस्टमन आला न्हाय. लोणी भापकरची मावशी हळकुंडं देऊन गेली.

६ डिसेंबर, सोमवार

सकाळी विहारात अभिवादन. बायकांनी विजयमालाचं गाणं म्हणलं, मला म्हणल्या, तुमी सुरू करा. शब्द सगळे आले. पण तिचा आवाज आठवाया गेले तर कॅसेट आठवली. ती खरखर, ते मधलं थांबणं. कॅसेटच्या आधीची विजयमाला हाक मारताना कशी ऐकू येत व्हती, ते आठवंना. पोटची पोर, सव्वीस वर्सं माझ्यापुढं बोलली. मी सगळं त्या डबीत ठेवलं आणि निवांत झाले.

हे कुणाला सांगितलं न्हाय. मोनालीला वाटतंय, आज्जीला तरी आठवतं.

१३ डिसेंबर, सोमवार

आलं! कंपनीचं पत्र आलं. जाड कागद, वर निळं चित्र. इंग्रजी, टाईप केलेलं. मोजून चार ओळी आणि सही.

मोनाली उभ्या उभ्या वाचाया लागली. चार ओळी वाचाया तिला लई वेळ लागला. मी म्हणलं, काय लिवलंय गं, तोंड उघड. ती खाली बसली. मग म्हणली, "लिवलंय की, रंगुबाई यांना नमस्कार."

"व्हय? मग?"

"आमी गाणी ऐकली. आवाज फार गोड हाय. परवानगी द्यायचा विचार चालू हाय. काम मोठं, म्हणून वेळ लागंल. लग्नापर्यंत व्हणार न्हाय, त्याबद्दल माफी असावी."

माफी मागितली! एवढी मोठी कंपनी! मी आप्पांना हाक मारली, परत वाचून घेतलं. आप्पा कागदाकडं न्हाय, मोनालीकडं बघत व्हते. सीडी तर आमी पाठवलीच न्हाय, मग त्यांनी ऐकली कशी? असंल. काँप्युटरला काय बी जमतं.

१७ डिसेंबर, शुक्रवार

मांडवाचं सामान आलं. भागूबाई कुरडया घेऊन आली तर तिला पत्र ऐकवावं म्हणलं. मोनालीला बोलावलं. आज तिनं आणखी एक वाक्य वाचलं, त्या दिवशी घाईत ऱ्हायलं असंल: "बाई ओळ संपताना जराशी हसत असाव्यात, असं आवाजावरून वाटतं."

हे खरं हाय. विजयमाला ओळ संपली की हसायची, गाणं चुकलं न्हाय म्हणून. माझ्या ध्यानातनं पार गेलं व्हतं. कंपनीची माणसं हुशार हायत.

२२ डिसेंबर, बुधवार

आज भाकरी थापताना मीच म्हणलं, मोने, ते पत्र वाच की. पिठाच्या हातानं नगं, धुवून घे. तिनं हात धुतले.

"बाई गाताना बोटानं ठेका धरत व्हत्या. मांडीवर पोर आडवं असंल तर त्याच्या पाठीवर धरत व्हत्या. चौथं बोट जड पडायचं."

मी थापायची थांबले. विजयमालाचं चौथं बोट लहानपणी जात्यात चेमटलं व्हतं, ते वाकत नव्हतं. ते मी पत्रात लिवलं नव्हतं. दाखल्यातबी नव्हतं. कॅसेटवर बोट ऐकू येत नव्हतं.

"आणि?" म्हणलं मी.

"आज एवढंच हाय," मोनाली म्हणली.

बरं म्हणलं. आता रोज वाचायला सांगती.

२९ डिसेंबर, बुधवार

लगीन चांगलं पार पडलं. मंगलगाथेनंतर गाणी लागली न्हाईत. लोकं तशीच जेवाया बसली, ताटांचा आवाज येत व्हता. कुणाला काय कमी वाटलं न्हाय. मला वाटलं. मोनाली मांडवाच्या खांबाकडं बघत बसली व्हती.

आज दोघं पहिल्यांदा जोडीनं आली. मी पुरणपोळी केली. जेवण झाल्यावर सवयीनं म्हणलं, मोने, पत्र काढ. ट्रंकेतनं तिनं काढलं. समाधान म्हणले, "द्या आजी, मी वाचतो. हापिसात इंग्रजी पत्रंच वाचत असतो."

मोनालीनं कागद धरून ठेवला. तिचा चेहरा असा झाला की मला ती पाच वर्साची असतानाची आठवण झाली.

मी म्हणलं, "नगं जावई. तुमी दमलाय. तिच्या वाचण्याची सवय हाय मला." समाधान तिच्या शेजारीच बसले. कागद त्यांनाबी दिसत व्हता.

मोनालीनं कागदाची घडी सपाट केली. मग वाचाया लागली.

"दवाखान्यात शेवटी बाईंचा आवाज निघत नव्हता. तरी लेकीला जवळ घेऊन त्या नुसते ओठ हलवत व्हत्या. गाणं कुठलं ते लेकीला ओठावरनं कळत व्हतं. लोकांना वाटलं लेक झोपली. लेक झोपली नव्हती."

त्या दिवशी मीच म्हणलं व्हतं, पोर झोपलीय, बाहेर न्या. मीच उचलून न्यायला लावली. विजयमालानं हात पुढं केला व्हता. मला वाटलं, पाणी मागती. मी पाणी दिलं.

चौदा वर्सं पोरीनं हे कुणाला सांगितलं न्हाय. कंपनीला कुठनं कळलं असंल?

मी म्हणलं, "मोने, कंपनीला उलट टपालानं लिव. म्हणावं, रंगुबाईला खरंच वाटलं व्हतं की पोर झोपली."

"लिवती," ती म्हणली. मान वर केली न्हाय.

आप्पा खाकरले आणि उठून अंगणात गेले. मी समाधानला इचारलं, "जावई, तुमी बघत व्हता. बरोबर वाचलं का ओ तिनं?"

समाधाननं त्या चार ओळींवर नजर टाकली. मग कागद तिच्या हातातनं हळू घेतला आणि घडी घातली.

"व्हय आजी," म्हणले. "तेच लिवलंय ह्यात."

पोरगा चांगला हाय.